समुद्रकाठच्या घराचं धुराडं: लायनर बदलायचा की दुरुस्त करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर समुद्राजवळ. विटांचं जुनं धुराडं, आत भाजक्या मातीच्या टाइल्सचं अस्तर, म्हणजे लायनर, खाली लाकडाचा स्टोव्ह. साफसफाईला आलेला कारागीर म्हणतो, टाइल्स तडकल्यात, स्टीलचा लायनर टाका. दुसरा म्हणतो, सांधे भरले की काम भागेल. शेजाऱ्यांनी टाकलेल्या स्टीलच्या लायनरला तर काही वर्षांतच भोकं पडली. शिवाय धुराड्याच्या भिंतीवर ओलीचा डाग आहे. काय करावं, आणि तोवर स्टोव्ह पेटवला तर चालेल का?

शेवटचं आधी सांगतो: पेटवू नका. तडकलेल्या टाइलमधून दोन गोष्टी बाहेर पडतात, धूर आणि उष्णता. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि विटांच्या जुन्या सांध्यांतून तो वरच्या खोलीत सहज पोचतो. उष्णता धुराड्याला लागून असलेल्या तुळया आणि वाशांना वर्षानुवर्षं भाजत राहते. असं भाजलेलं लाकूड पुढे कमी तापमानालाही पेट घेतं. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर तो आजच बसवा. पण अलार्म बसवला म्हणून स्टोव्ह पेटवायची मोकळीक मिळाली, असं समजू नका.

आता मुख्य मुद्दा. तुमचा लायनर बहुधा बदलावाच लागेल, पण त्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधून बंद करावं लागेल. किनाऱ्यावरच्या धुराड्यांत माझ्या पाहण्यात लायनर आगीपेक्षा ओलीने जास्त गेले आहेत, आणि तेही बहुतेक स्टोव्ह बंद असलेल्या महिन्यांत. ओल तशीच ठेवून आत नवं स्टील सोडलं, की शेजाऱ्यांचं झालं तेच तुमचं होणार. दोन्ही कारागिरांनी तुम्हाला लायनरबद्दल सांगितलं. भिंतीवरच्या डागाबद्दल कोणी काही विचारलं का?

धुराड्यात पाणी तीन वाटांनी येतं. पहिली वाट पावसाची: वरून उघडं तोंड, माथ्यावरच्या सिमेंटच्या टोपीला गेलेल्या चिरा, छप्पर आणि धुराडं जिथे भेटतात तिथलं पत्र्याचं फ्लॅशिंग, आणि दरजा झिजलेल्या विटा. दुसरी वाट खुद्द आगीची, आणि लोक ती हमखास विसरतात. २० टक्के ओलावा असलेलं एक किलो लाकूड जळलं की अर्ध्या लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपात वर जातं. नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरमागे साधारण १.६ लिटर. नळी गरम असेल तर ही वाफ बाहेर निघून जाते, थंड असेल तर आतच पाणी सुटतं. वायूच्या धुरासाठी ही सीमा ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. त्या पाण्यात काजळीतली आणि इंधनातली आम्लं विरघळतात, आणि ते लायनरच्या अंगावरून ओघळत खाली येतं. तिसरी वाट हवेची, आणि किनाऱ्यावर तीच सगळ्यात चिवट.

मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढायला लागतं. समुद्रकाठी अशी हवा रोजचीच. विटांत, गिलाव्यात, काजळीत मीठ मुरलेलं असेल तर पावसाचा थेंबही न पडता भिंत ओली दिसते. जुन्या धुराड्यात धुरातून आलेले क्षारही विटांत साठलेले असतात, ते आणखी कमी आर्द्रतेला पाणी धरतात.

म्हणून डागाचं निदान करताना मी घरमालकाला एक वही ठेवायला सांगतो. डाग कधी गडद झाला आणि त्या दिवशी हवा कशी होती, इतकंच लिहायचं. जोराच्या पावसानंतर काही तासांत गडद होत असेल तर वरून गळती. पाऊस नाही, पण हवा दमट आणि कोंदट आहे, आणि डाग पसरलाय, तर ते मीठ. स्टोव्ह चालू असताना डाग पिवळट-तपकिरी होऊन धुराचा आंबूस वास येत असेल, तर आतलं आम्लाचं पाणी सांध्यातून झिरपतंय. एकाच भिंतीवर तिन्ही प्रकार मी पाहिलेत, पण त्यातला एक नेहमी मुख्य असतो.

गळतीचा संशय असेल तर पाइपने पाणी मारून बघा, मात्र खालून वर. आधी फक्त फ्लॅशिंगवर पंधरा-वीस मिनिटं, मग थांबून आत बघायचं. मग विटांवर. सगळ्यात शेवटी टोपीवर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि काहीच कळत नाही. बरेच लोक घाईने नेमकं तेच करतात.

मिठाचा डाग असेल तर रंग लावून तो झाकला जात नाही. ज्या गिलाव्यात मीठ मुरलंय तो काढून टाकावा लागतो, आणि नव्या गिलाव्यात जिप्सम वापरायचा नाही, कारण तो ओल धरतो आणि मऊ पडतो. चुन्याचा किंवा अशा कामासाठीच मिळणारा, वाफ जाऊ देणारा गिलावा घ्या.

बाहेरच्या विटांचं काम करताना दोन चुका वारंवार दिसतात. जुनं धुराडं चुन्यात बांधलेलं असताना दरजा कडक सिमेंटने भरतात. मग ओल सांध्यातून बाहेर पडायची ती विटेतून पडते आणि विटेचेच पोपडे निघायला लागतात. दुसरी चूक म्हणजे पाणी अडवणारा जाड रंग फासणं. तो पाऊस अडवतो, पण आतली वाफही कोंडतो. सिलेन किंवा सिलोक्सेनवर आधारलेलं, वाफ जाऊ देणारं द्रावण चालतं. तेही दरजा भरून झाल्यावर, वीट कोरडी असताना. विटेला पांढरा लोणा फुटत असेल तर तेसुद्धा थांबवा: मिठाचे स्फटिक लेपाच्या मागे वाढतात आणि विटेचा दर्शनी थर ढकलून पाडतात.

टोपी म्हणजे धुराड्याच्या माथ्यावरचा सिमेंट-काँक्रीटचा उतरता थर. ती विटांच्या बाहेर साधारण ५ सेंटीमीटर आलेली हवी, आणि तिच्या खालच्या कडेला पागोळीसाठी खाच हवी, म्हणजे पाणी विटांवर न ओघळता थेट खाली पडतं. लायनर आणि टोपी एकमेकांना चिकटवून टाकायचे नाहीत. ८ मीटर लांबीची स्टीलची नळी ३०० अंशांनी तापली की जवळपास ४ सेंटीमीटर वाढते. तिला जागा दिली नाही तर ती टोपी फोडून जागा करून घेते. मधे उष्णता सोसणारं लवचीक सीलंट आणि वर पाणी झटकणारी कॉलर, ही पद्धत बरोबर.

आता टाइल्स. दोघांपैकी कोण बरोबर, हे तडे कसे आहेत त्यावर ठरेल. स्टोव्हच्या तळाशी किंवा राखेत मातीचे तुकडे पडलेले सापडतात का बघा. एक तुकडा हातात घ्या. जाड, कोन असलेला, कडा धारदार, तुटलेली बाजू स्वच्छ विटकरी रंगाची असेल तर टाइल नुकतीच आणि उष्णतेने फुटली आहे; अशा वेळी कॅमेऱ्यात लांब उभे तडे दिसतात, आणि बहुधा कधीतरी धुराड्यात काजळी पेटलेली असते. घरच्यांना हे कळलेलंही नसतं. तुटलेली बाजू काळी असेल तर तडा जुना, धूर त्यातून कधीचा ये-जा करतोय. पण तुकडा पातळ, पापुद्र्यासारखा, बोटांत चुरडणारा, एका बाजूला पांढरी भुकटी असलेला असेल तर तो पाण्याचा आणि मिठाचा प्रताप आहे. तिथे टाइलचा पृष्ठभागच सुटत चाललाय.

सांधे भरण्याचा सल्ला फक्त एका परिस्थितीत मान्य: टाइल्स अखंड आणि टणक आहेत, केवळ मधलं मॉर्टर निघून गेलंय. त्यासाठी वरून दोरीने ओढत नेलेल्या फोमच्या बोळ्याने उष्णतारोधक सिरॅमिक मॉर्टर सांध्यांत दाबत जातात. काम नीट झालं तर पुष्कळ वर्षं टिकतं. साधं सिमेंट तिथे अजिबात चालत नाही. उष्णता आणि आम्ल या दोन्हींपुढे ते टिकत नाही. पण टाइल पापुद्रे टाकत असेल तर त्यावर मॉर्टर चिकटणार कशाला? एखाद-दोन टाइल्स वरच्या टोकाला खराब असतील तर माथा उतरवून तेवढ्याच बदलता येतात. मधल्या भागात तडे असतील तर बाहेरून वीट फोडून टाइल बदलण्यापेक्षा पूर्ण लायनर टाकणं शहाणपणाचं.

तिसरा पर्याय ओतीव लायनरचा. धुराड्यात फुगवता येणारी लांब नळी सोडतात, तिच्याभोवती उष्णतारोधक हलकं मिश्रण ओततात, घट्ट झालं की नळी काढून घेतात. वेडंवाकडं, आतून ढिलं झालेलं धुराडं त्याने मजबूतही होतं, आणि मिठाने गंजायला त्यात धातूच नसतो. पण मिश्रणाचं सगळं पाणी आधीच ओल्या विटांत उतरतं, ते सुकायला वेळ द्यावा लागतो, आणि एकदा ओतलं की परत काढणं जवळजवळ अशक्य. धुराडं ऐतिहासिक किंवा फार वळणाचं असेल तर मी हा पर्याय सुचवतो, एरवी नाही.

म्हणजे उरलं स्टील. शेजाऱ्यांच्या लायनरला भोकं का पडली?

स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्या अंगावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिपातळ थरामुळे. क्लोराइड, म्हणजे मिठातला क्लोरीनचा भाग, हा थर ठिकठिकाणी भेदतो. मग गंज पसरण्याऐवजी एका बिंदूत खोल शिरतो. असा लायनर बाहेर काढला तर तो बहुतेक अंगभर चकचकीत असतो, आणि वरच्या थंड टोकाला, वळणांवर आणि तळाशी जिथे ओली काजळी साचते तिथे सुईच्या टोकाएवढी भोकं असतात. प्रत्येकाखाली तपकिरी ओघळ. उजेडाकडे धरली की ती ताऱ्यांसारखी चमकतात. अनेक लवचीक लायनरचा पत्रा जेमतेम ०.१३ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे खड्डा पडायला लागला की आरपार जायला वेळ लागत नाही.

शेजाऱ्यांचा जुना लायनर अजून अडगळीत पडला असेल तर त्यावरचा छाप, म्हणजे स्टीलच्या दर्जाचा आकडा, वाचा. ३०४ असेल तर उत्तर मिळालं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, मॉलिब्डेनम नसतं. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि क्लोराइडपुढे तग धरायला तेच उपयोगी पडतं. ३१६एल म्हणजे कमी कार्बनचं, ३१६टीआय म्हणजे टायटॅनियम घातलेलं. वारंवार जास्त तापल्यावर पोलादाच्या कणांच्या सीमा कमकुवत होतात, ते या दोन्हींत कमी होतं. किनाऱ्यावर लाकडाच्या स्टोव्हसाठी यापेक्षा खालचं काही घेऊ नका. दगडी कोळसा किंवा धूररहित इंधनाच्या विटा जाळत असाल, किंवा स्टोव्ह वर्षभर मंद ठेवायची सवय असेल, तर ९०४एल घ्या. त्यात ४ ते ५ टक्के मॉलिब्डेनम आणि शिवाय थोडं तांबं असतं, ते गंधकाच्या आम्लापुढे टिकतं. कंडेन्सिंग प्रकारच्या, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता वापरणाऱ्या वायूच्या बॉयलरचं प्रकरण वेगळं. त्याचा लायनर बॉयलर बनवणाऱ्याने सांगितलेल्याच प्रकारचा हवा.

युरोपीय मानकाचा माल असेल तर छापावर एक लांब सांकेतिक ओळ असते. तिच्यात एल५००१२ असं काही दिसेल: ५० म्हणजे ३१६एल, ०१२ म्हणजे जाडी ०.१२ मिलिमीटर. एल७० असेल तर ९०४एल. त्याच ओळीत ‘जी’ अक्षर असेल तर लायनर काजळीच्या आगीच्या चाचणीतून गेलेला आहे, ‘ओ’ असेल तर नाही. लाकडासाठी ‘जी’ हवंच. अमेरिकेतल्या मालावर यूएल १७७७ ही खूण बघा. विक्रेता छाप दाखवायला कां-कूं करत असेल तर दुसरा विक्रेता गाठा.

छाप ३१६चा निघाला आणि तरी भोकं पडली असतील तर शेजारी काय जाळतात ते हळूच विचारा. समुद्रातून वाहून आलेलं लाकूड फुकट मिळतं, निळ्या ज्वाळा सुंदर दिसतात, आणि त्यात मुरलेलं मीठ थेट नळीत जातं. रंगवलेलं किंवा औषध मारलेलं लाकूड आणि प्लास्टिकही तसंच. त्यापुढे कुठलाच दर्जा फार काळ टिकणार नाही, आणि अशा इंधनावर बनवणाऱ्यांची हमीही लागू होत नाही.

एक दिलासा: किनाऱ्यापासून काही किलोमीटरच्या पट्ट्यात उघड्यावरच्या स्टेनलेस स्टीलवर चहासारखे तपकिरी डाग पडतातच. नळीच्या तोंडावर पावसासाठी बसवलेल्या धातूच्या कॅपवर ते दिसले म्हणून घाबरू नका. नायलॉनच्या घासणीने आणि गोड्या पाण्याने घासून बघा. निघून गेले आणि खाली पत्रा गुळगुळीत लागला तर फक्त डाग. बोटाला खड्डे लागले तर गंज. लोखंडी तारेचा ब्रश मात्र वापरायचा नाही, ना कॅपवर ना लायनरच्या आत. त्याचे लोखंडी कण मागे राहतात, गंजतात आणि तिथूनच खड्ड्यांना सुरुवात होते. काजळी काढणाऱ्याला पॉलिप्रॉपिलीनचा ब्रश आणायला सांगा.

मापाबद्दल थोडक्यात: लायनरचा व्यास स्टोव्हच्या निर्गमाइतका हवा, लहान तर कधीच नाही, आणि फार मोठाही नाही. मोठ्या नळीत धूर रेंगाळतो, थंड होतो आणि पाणी सोडतो. जुन्या मोठ्या चौकोनी टाइल्सच्या नळीला छोटा आधुनिक स्टोव्ह जोडला की नेमकं हेच होतं. तुमच्या टाइल्स खराब होण्यामागे हेही असू शकेल.

इन्सुलेशनवर मात्र तडजोड नको. नुसती नळी सोडून दिली तर बाहेरची थंड, ओली वीट तिला थंड ठेवते आणि आत पाणी सुटत राहतं. लायनरभोवती उष्णतारोधक ब्लँकेट, त्यावर जाळी, असं गुंडाळून मग नळी खाली सोडतात. पर्याय म्हणून काही जण मधल्या पोकळीत सुटं व्हर्मिक्युलाइट, म्हणजे फुगवलेल्या खनिजाचे हलके दाणे, ओततात. कोरड्या प्रदेशात ते ठीक. ओल्या धुराड्यात ते एकदा भिजलं की महिनोन्महिने भिजलेलंच राहतं आणि खाली बसत जातं, म्हणून मी ते टाळतो. ब्लँकेटसकट नळी जायला जागा नसेल तर जुन्या टाइल्स फोडून काढाव्या लागतात. फिरत्या साखळीच्या यंत्राने ते काम होतं, धूळ भयंकर होते, आणि कारागीर म्हणेल, ‘ब्लँकेट राहू द्या, तसंही चालेल.’ चालत नाही. लवचीक लायनरवर बाण असतो, तो धुराच्या दिशेने, म्हणजे वर, ठेवायचा. उलटा बसला तर आतल्या पट्ट्यांच्या कडांवर पाणी आणि धुरातलं डांबर अडतं.

कॅप ३१६ची घ्या, आणि तिचे स्क्रू व क्लॅम्पही त्याच धातूचे. स्टेनलेसच्या नळीवर गॅल्व्हनाइज्ड क्लॅम्प लावला तर खाऱ्या हवेत क्लॅम्प आधी जातो आणि वादळात कॅप उडते. वाऱ्याने धूर उलटा येत असेल तर त्यासाठीची स्थिर कॅप मिळते. फिरती कॅप मी लाकडाच्या धुरावर बसवत नाही; डांबर आणि मीठ मिळून तिचं बेअरिंग जाम करतात.

मग स्टोव्ह बंद असतानाचे महिने. काजळी ओल ओढून आम्ल बनते आणि लायनरला चिकटून बसते. म्हणून साफसफाई हंगाम सुरू होताना करण्याऐवजी संपल्यावर, शेवटची आग विझली की त्याच आठवड्यात करून घ्या. त्यानंतर स्टोव्हच्या हवेच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, म्हणजे नळीतून हवा खेळती राहील. बोळा कोंबून किंवा वर प्लास्टिक बांधून धुराडं बंद करू नका. वर्षभर न वापरलेल्या धुराड्यालाही वर पावसाची कॅप आणि खाली झरोका लागतो.

कामाला माणूस ठरवताना आधी कॅमेऱ्याने तपासणी मागा. अमेरिकेतलं एनएफपीए २११ हे मानक वर्षातून एकदा तपासणी सांगतं, आणि लायनर, इंधन किंवा स्टोव्ह बदलताना कॅमेऱ्याची सविस्तर तपासणी. तुमच्याकडचा नियम काहीही असो, एवढं तर मागायलाच हवं. चित्रण तुमच्याजवळ ठेवा. कोटेशनमध्ये स्टीलचा दर्जा, जाडी, व्यास, ब्लँकेटची जाडी आणि टोपी-फ्लॅशिंगचं काम वेगवेगळं लिहून घ्या. सगळं एका ओळीत ‘लायनर बदलणे’ असं लिहून आलं तर कागद परत पाठवा.

क्रम असा ठेवा: फ्लॅशिंग, दरजा आणि टोपीची मूळ दुरुस्ती, एक पावसाळी टप्पा जाऊ देऊन वहीतल्या नोंदी बघणं, मग लायनर, त्याच्याभोवतीचं सीलंट, कॅप, आणि आतला गिलावा सगळ्यात शेवटी, भिंत सुकल्यावर. काम झाल्यावर त्याच दिवशी धुराची चाचणी घ्या आणि नव्या नळीत वरून खालपर्यंत कॅमेरा फिरवून चित्रण ठेवा. पुढच्या वर्षीच्या तपासणीत वरचा एक मीटर, वळणं आणि तळ त्या चित्रणाशी ताडून बघायला सांगा. नवे तपकिरी ठिपके त्या तीन जागांवर दिसले, तर आधी इंधन आणि कॅप तपासा.